वाचकांचे प्रश्न : पाण्यात उभे राहणारे कामू-कामू

प्रश्न : आमच्या मळेजमिनीत जुलै-ऑगस्टला गुडघाभर पाणी तुंबते, कलमे कुजतात. रोपवाटिकेत कामू-कामूची रोपे आली आहेत, ‘हे पाण्यातच वाढते’ असे सांगतात. लावावीत का?
– एक बागायतदार, लांजा

उत्तर : चार-पाच रोपे लावून बघायला हरकत नाही. मात्र काळजी पावसाळ्याची करू नका, उन्हाळ्याची करा. कामू-कामू हे अॅमेझॉनच्या खोऱ्यातले झुडूप. पेरू देशातल्या लोरेतो आणि उकायाली भागात नद्यांच्या आणि तळ्यांच्या काठाने ते दाटीने वाढते. पुरात चार-चार महिने बुडून राहते आणि फळे होडीत बसून तोडावी लागतात. (पेरू देशातले हे फळ आपल्या पेरूच्या आणि जांभळाच्याच कुळातले!) कोकणचा पाऊस त्याला जड जाणार नाही. पण मुळे उथळ असल्याने फेब्रुवारी ते मे वरची माती सुकली की पानांच्या कडा करपतात, फुले गळतात. बुंध्याभोवती पाचोळ्याचा वीतभर थर आणि ठिबक, या दोन्हींची सोय होणार नसेल तर नाद सोडा.

तीन बाय चार मीटर अंतर ठेवा, बुडापासूनच फांद्या फुटतात. खड्डा दीड फुटाचा, त्यात एक घमेले कुजलेले शेणखत. चुना टाकू नका, त्याला आंबट माती हवी आणि जांभ्याची ती असतेच. जमीन खाडीलगत असेल तर मात्र लावूच नका. हे गोड्या पाण्याचे झाड आहे, खाजणात जगणार नाही.

प्रश्न : परदेशातून भावाने वाळवलेल्या बिया आणल्या. दोन महिने झाले, एकही रुजली नाही.
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : रुजणारही नाही. फणसाच्या आठळीसारखे हे बी वाळले की मेले. पिकून गडद जांभळट झालेल्या फळातल्या बिया (एका फळात दोन ते चार, चपट्या, अंगावर तंतूंची लव) गर पुरता चोळून धुवाव्यात आणि त्याच आठवड्यात ओल्या वाळूत किंवा कुजलेल्या लाकडी भुश्शात सेंटिमीटरभर खोल, सावलीत पेराव्यात. गर चिकटून राहिला तर बुरशी येते. बियांपासूनच्या रोपाला फळ धरायला तीन-चार वर्षे तरी लागतात, कलमाला त्याहून कमी.

प्रश्न : याची भुकटी रोज गरम पाण्यातून घेतो. किती घ्यावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पहिल्यांदा गरम पाणी बंद करा. हे फळ महाग विकले जाते ते क जीवनसत्त्वासाठी आणि तेच उष्णतेने आणि हवेने नासते. ताज्या गरात ते 100 ग्रॅमला साधारण 2 ग्रॅम असते, आवळ्याच्या कित्येक पट. प्रौढ पुरुषाची दिवसाची गरज मात्र अवघी 80 मिलिग्रॅम, म्हणजे चमचाभर गरात भागते. दिवसाला क जीवनसत्त्व 2 ग्रॅमच्या वर गेले तर पोट बिघडू शकते, आणि मुतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊच नये. भुकटीच्या डब्यावर ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ (स्टार्चपासून केलेली पूड) दिसले, तर त्यात फळाबरोबर भरही विकत घेताय. म्हणून चमचे मोजू नका, डब्यावरचे मिलिग्रॅम वाचून हिशेब करा.

ताजे फळ कधी हाती लागलेच, तर सालीसकट हाताने कुस्करून चाळणीतून गाळा. गर पांढुरका असतो, सरबताचा गुलाबी रंग सालीतून येतो. मिक्सर नको, बिया फुटल्या की रस तुरट होतो. 100 ग्रॅम गराला लिटरभर गार पाणी आणि 120 ग्रॅम साखर. भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्या, तांब्याच्या संपर्काने क जीवनसत्त्व झपाट्याने जाते. उरलेला गर बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवा, सरबत मात्र त्याच दिवशी संपवा.