मीटिंगा भरवण्याला करिअर म्हणायचं का?

(पत्र थोडक्यात : "मुलगी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, मार्क चांगले आहेत. आता म्हणते, नोकरी नको. वेगवेगळ्या देशांतले प्रदेश एकमेकांकडून तंत्रज्ञान कसं शिकतात, त्याची जाळी कशी उभी राहतात, यातच काम करायचंय. त्यासाठी परदेशात इनोव्हेशन पॉलिसीत, म्हणजे नवं तंत्रज्ञान घडवण्या-पसरवण्याच्या धोरणांत, मास्टर्स करणार. मला हे मीटिंगा भरवण्याचं काम वाटतं. सगळं ज्ञान इंटरनेटवर असताना ते इकडून तिकडे न्यायला माणूस कशाला? चार वर्षांचं इंजिनिअरिंग वाया जाणार का? एकुलती एक आहे, गेली की गेली." – एक वडील)

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांतला सगळ्यांत नेमका प्रश्न इंटरनेटचा आहे. त्याचं उत्तर सापडलं तर बाकीचे निम्मे तरी सुटतील. म्हणून आधी एक नाकाची गोष्ट सांगतो.

मॉस्को विद्यापीठातले काही भौतिकशास्त्रज्ञ नीलमण्याच्या स्फटिकाची एक परीक्षा घ्यायचे. स्फटिकाचा दंडगोल बारीक धाग्यानं निर्वात पात्रात टांगायचा, त्याला कंप द्यायचा आणि तो विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. घंटेचा नाद किती वेळ घुमतो ते पाहावं, तसंच. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या उपकरणांचे आरसे कशाचे करावेत हे ठरवायला तो आकडा हवा होता. मॉस्कोनं आपले आकडे छापले. पश्चिमेकडच्या प्रयोगशाळांना मात्र तेवढा मोठा आकडा काही केल्या मिळेना. एक वर्ष नाही, दोन नाही, जवळपास २० वर्षं! मूळ मापनाबद्दलच शंका येऊ लागली. अखेर ग्लासगोची माणसं मॉस्कोला गेली, मॉस्कोची ग्लासगोला आली, एकाच टेबलाशी उभं राहून प्रयोग केले, आणि १९९९ मध्ये ग्लासगोतही तो आकडा निघाला. हॅरी कॉलिन्स या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं हा सगळा प्रकार जवळून पाहून लिहून ठेवलाय. धाग्याला किंचित स्निग्धपणा लागतो. जास्त झाला तरी बिघडतं, कमी पडला तरी बिघडतं. मॉस्कोतला एक प्रयोगकर्ता तो धागा आपल्या नाकावरून किंवा कानामागून अलगद ओढून घ्यायचा. तेवढं तेल बरोबर पुरायचं.

आता सांगा, शोधनिबंधात नाक कुठे येणार?

इंटरनेटवर मिळतं ते लिहून झालेलं ज्ञान. हातात आणि सवयीत बसलेलं ज्ञान न्यायचं असेल तर ते हातच न्यावे लागतात. तुमची मुलगी ज्या कामाबद्दल बोलतेय, ते हे हात एकमेकांपर्यंत पोचवण्याचं काम आहे.

एखाद्या प्रदेशानं हे ठरवून केलं तर काय होतं, ते तैवानकडे पाहून कळतं. १९७६ मध्ये तिथल्या आयटीआरआय या औद्योगिक संशोधन संस्थेनं तरुण इंजिनिअरांना चिप बनवायला शिकण्यासाठी अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत पाठवलं. तंत्रज्ञानाचा करार झालेला होताच, पण नुसते कागद आणून ते थांबले नाहीत. मंडळी शिकून परतली आणि शिंचूमध्ये प्रायोगिक कारखाना चालवू लागली. १९८० मध्ये शिंचूचं विज्ञान पार्क सुरू झालं, त्याच वर्षी यूएमसी ही चिप बनवणारी कंपनी निघाली, १९८७ मध्ये तशीच टीएसएमसी. टीएसएमसी काढणारे मॉरिस चांग त्याआधी जवळपास २५ वर्षं अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये होते, आणि कंपनीच्या भांडवलात नेदरलँड्सच्या फिलिप्सचा वाटा होता. म्हणजे तीन देशांतलं ज्ञान एका कंपनीत येऊन बसलं. पुढे कित्येक इंजिनिअर सिलिकॉन व्हॅली आणि शिंचू अशा दोन्हीकडे पाय ठेवून राहिले. ते "गेले" असं म्हणायचं की "आले", हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुमच्या शेवटच्या ओळीकडे मी याच वाटेनं परत येणार आहे.

दुसरं उदाहरण मुलीच्याच विषयातलं देतो, तिला ते ठाऊक असेल. आजच्या सगळ्यांत बारीक चिप्स ज्या यंत्रानं छापतात, ते नेदरलँड्समध्ये फेल्डहोवेनला एएसएमएल कंपनी जुळवते. पण त्याला डच यंत्र म्हणणं अवघड आहे. आरसे जर्मनीतल्या झाइसचे. लेझर ट्रुम्फचा, तोही जर्मन. प्रकाश तयार करण्याचं तंत्र बरंचसं अमेरिकेत सॅन दिएगोला वाढलेलं. या यंत्राच्या पोटात सेकंदाला सुमारे ५० हजार कथिलाचे थेंब सुटतात, प्रत्येकावर लेझरचा नेम बसतो आणि त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. गंमत पुढेच आहे. फुटलेल्या थेंबाचं कथिल आरशावर जाऊन बसतं आणि आरसा मंद होत जातो. म्हणजे थेंबवाल्यानं आपलं काम चोख केलं तरी आरसेवाल्याची पंचाईत होते! दोघांनी एकमेकांचं दुखणं समजून घेतल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही, आणि दोघांचे देश वेगळे, मालक वेगळे, गुपितंही वेगळी.

अशा माणसांना एका छताखाली आणणाऱ्या जागा मुद्दाम उभाराव्या लागतात. बेल्जियममध्ये लवेन इथे १९८४ पासून आयमेक ही संशोधन संस्था आहे. बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे इंजिनिअर तिथे एकाच क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ येऊ न देणाऱ्या प्रयोगशाळेत, काम करतात. फेल्डहोवेनच्या शेजारचं आइंडहोवेन, लवेन आणि जर्मनीतलं आखेन ही तीन शहरं एकमेकांपासून साधारण शंभरेक किलोमीटरवर, पण तीन देशांत. तिघांनी मिळून काही करायचं म्हटलं की कायदे तीन आणि कर भरण्याच्या पद्धतीही तीन.

तुमच्या मीटिंगा इथे सुरू होतात. क्लस्टर मॅनेजर, टेक्नॉलॉजी ट्रान्सफर ऑफिसर, पार्टनरशिप मॅनेजर अशी या पदांची नावं. युरोपीय संघाची इंटररेग ही योजना १९९० पासून सीमेपलीकडच्या अशा प्रकल्पांना पैसे देते. पण पूर्ण देत नाही. सध्याच्या नियमांत साधारण ८० टक्क्यांपर्यंत मिळतात, उरलेले भागीदारांनी घालायचे. त्यातला एक भागीदार प्रमुख असतो आणि सगळ्यांच्या हिशेबाची जबाबदारी त्याच्या गळ्यात पडते. करार कोण लिहिणार, येताना कोणी कोणतं ज्ञान सोबत आणलंय, एकत्र कामातून जे निघेल ते कोणाच्या मालकीचं, त्यावरचा शोधनिबंध पेटंटच्या आधी छापायचा की नंतर, हे आधी ठरलं नाही तर दुसऱ्या वर्षी भांडणं ठरलेली. या भांडणात प्राध्यापकाला छापण्याची घाई असते आणि कंपनीला गप्प बसण्याची. दोघांची भाषा कळणारं माणूस मध्ये हवं.

आता तुमच्या शंकेतला खरा भाग. अशी पुष्कळ जाळी नुसती कागदावर असतात. सामंजस्य करार होतो, फोटो निघतो, वेबसाइट बनते आणि तीन वर्षांनी पैसे संपले की सगळे आपापल्या घरी. या क्षेत्रातल्या नोकऱ्याही प्रकल्पाला बांधलेल्या असतात. प्रकल्प संपला की करार संपतो. हे मुलीला माहीत आहे का, ते एकदा विचारा. मला तरी तिच्या उत्साहात ही गोष्ट बसलेली दिसत नाही.

शिवाय सीमा ही सीमाच असते. कोपनहेगन आणि माल्मो यांना जोडणारा ओरेसुंडचा पूल २००० साली सुरू झाला. डेन्मार्क आणि दक्षिण स्वीडन मिळून औषध आणि जीवशास्त्र संशोधनाचं मोठं केंद्र झालं, लोक एका देशात राहून दुसऱ्या देशात रोज कामाला जाऊ लागले. जानेवारी २०१६ मध्ये निर्वासितांच्या प्रश्नावरून स्वीडननं डेन्मार्ककडून येणाऱ्या गाड्यांतल्या प्रवाशांची ओळखपत्रं तपासायला लावली आणि रोजच्या प्रवासाचा बोजवारा उडाला. पूल जागच्या जागीच होता.

इंजिनिअरिंग वाया जाईल का? नाही, ते सोडलं नाही तर. १९९० मध्ये कोहेन आणि लेव्हिन्थल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी कंपन्यांबद्दल एक गोष्ट मांडली: जी कंपनी स्वतः काही संशोधन करत नाही, तिला दुसऱ्याचं संशोधनही पचवता येत नाही. माणसांनाही हे लागू पडतं, असं माझं मत आहे. माझ्याकडे सल्ल्याला आलेला एक मुलगा पदवीनंतर थेट अशाच एका नेटवर्कच्या कामात गेला. हुशार, बोलका. दोन वर्षांनी परत आला तेव्हा म्हणाला, "सर, मी बैठकीचं इतिवृत्त लिहितो, पण वाद कशावरून झाला तेच मला कळत नाही." इंजिनिअर मंडळी त्याला निरोप्या समजत होती. चूक त्यांची नव्हती.

म्हणून माझा सल्ला तुमच्या आणि तिच्या मधला आहे. तिनं आधी दोन-तीन वर्षं प्रयोगशाळेत, चिप डिझाइनमध्ये, टेस्टिंगमध्ये, कुठेही, पण हात काळे होतील अशा जागी नोकरी करावी. एखाद्या छोट्याशा गोष्टीत "हे हिला विचारा" असं लोक म्हणू लागले की पुढचं शिक्षण घ्यावं. कॅम्पसची नोकरी नाकारू नये. मास्टर्सचं स्वप्नही मोडू नये. दोन वर्षांनी ते जास्त कामाचं होईल.

तेव्हा कुठे पाहायचं? या विषयाची नावाजलेली घरं म्हणजे ब्रिटनमध्ये ससेक्स विद्यापीठातलं एसपीआरयू हे संशोधन केंद्र, १९६६ पासूनचं. स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठातलं सर्कल हे केंद्र. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टची यूएनयू-मेरिट ही संस्था. मास्ट्रिख्ट तर बेल्जियमच्या हद्दीला लागून आहे आणि जर्मनीही जवळच, विषय खिडकीतूनच दिसतो. इरास्मस मुंडस या युरोपीय संघाच्या योजनेतले संयुक्त मास्टर्स अभ्यासक्रमही पाहावेत. त्यांत एकाहून जास्त देशांतल्या विद्यापीठांत शिकावं लागतं आणि शिष्यवृत्ती मिळू शकते. पुढे पीएचडीचा विचार झाला तर मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टोरल नेटवर्क या युरोपीय संघाच्या पीएचडी योजनेचा एक नियम लक्षात ठेवा: ज्या देशात जायचं, तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. सीमा ओलांडणं ही तिथे प्रवेशाची अटच आहे. आणि एक युरोपीय भाषा आतापासून शिकावी. बैठक इंग्रजीत होते, पण बैठक संपल्यावर लोक आपापल्या भाषेकडे वळतात आणि खरी तक्रार तेव्हा बाहेर येते.

"गेली की गेली" याचं काय? ती परत येईल असं वचन मी देऊ शकत नाही, तीही देऊ शकणार नाही, आणि तिच्याकडून ते मागूही नका. एवढं मात्र सांगतो: या कामात दोन्हीकडे ओळखी असलेल्या माणसाला किंमत असते. घराकडचा धागा तुटला की तिची निम्मी उपयुक्तता गेली. इतर नोकऱ्यांपेक्षा इथे येणं-जाणं कामातच धरलेलं असतं.

आज रात्री तिला एकच प्रश्न विचारा आणि उत्तर मला कळवा: तिच्या विषयातली अशी कोणती गोष्ट आहे, जी तिला वाचून नाही तर कोणाच्या तरी शेजारी उभं राहून जमली? उत्तर लगेच आलं तर अर्जाची तयारी सुरू करायला हरकत नाही. इरास्मस मुंडसचे बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान असतात, म्हणजे नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिला वेळ मिळेल. उत्तर आलं नाही, तर सध्या फक्त नोकरीचं पत्र स्वीकारायला सांगा, अर्जाचं नंतर पाहू.