पुण्यात जुने कॉम्प्युटर आणि त्यांचे भाग सेकंडहँड कुठे मिळतात? घेताना काय बघावं?

तुम्ही 386-486 या प्रोसेसरच्या, म्हणजे 1990 च्या आसपासच्या काळातली मशीन, कार्डं आणि कीबोर्ड शोधताय असं धरतो. ठिकाणं आधी सांगून टाकतो. मंगळवार पेठेतला जुना बाजार, तो रविवारी आणि बुधवारी भरतो. कनेक्टर, केबल, कपॅसिटर हवे असतील तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आता बहुतेक नवाच माल असतो, आणि चोर बाजारात जे दिसेल ते शोभेच्या वस्तूच्या भावात.

पण खरा माल दुकानात येतच नाही. तो बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये, तालुक्याच्या छापखान्यात आणि लोकांच्या माळ्यावर असतो, आणि तिथून थेट भंगारात किलोवर जातो. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो. तो काढणाऱ्यांच्या हाती बोर्ड एकदा गेला की संपला.

आमच्याच घरातून असं गेलंय, म्हणून एवढं लिहितोय.

सांगलीत अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, टायपिंगचं दुकान होतं. 1993 साली त्यांनी कर्ज काढून 386 घेतला आणि त्यात सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड बसवून घेतलं. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना त्याची किंमत कळणार नाही. युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी अक्षरांची संकेतप्रणाली, घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी ते कार्ड मदरबोर्डवरच्या आयएसए स्लॉटमध्ये बसायचं आणि इंग्रजीसाठी केलेल्या डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या) प्रोग्रॅममध्ये, अगदी याद्या-नोंदी ठेवायच्या डीबेसमध्येसुद्धा, मराठी दिसायचं. त्यामागची इस्की ही संकेतप्रणाली आपल्याच देशात ठरली. तिच्यात 'क'चा आकडा देवनागरीत जो, तोच कन्नडमध्ये आणि गुजरातीत. जत तालुक्यातली गिऱ्हाइकं यायची तेव्हा अण्णा मराठीत यादी टाइप करायचे आणि लिपी बदलून तीच नावं कन्नडमध्ये दाखवायचे. लोक खुर्चीतून उठून स्क्रीनजवळ यायचे. मी तेव्हा सहावीत होतो. माझे वडील जादू करतात अशी माझी खात्री होती.

2005 च्या पुरानंतर दादाने घर आवरायला काढलं आणि मशीन, प्रिंटर, कीबोर्ड सगळं भंगारवाल्याला दिलं. साडेतीनशे रुपये आले. त्याचं म्हणणं आजही तेच आहे, की पाणी लागून मशीन मेलं होतं. पाणी खालच्या खोलीत आलं होतं. मशीन माळ्यावर होतं, माळा कोरडा होता. फ्लॉपींचा डबा त्याच माळ्यावर मागच्या बाजूला राहिला म्हणून वाचला, तो कोरडाच निघाला. अण्णांच्या अक्षरातली लेबलं लावलेल्या चौदा फ्लॉपी, सव्वापाच इंची.

त्या वाचायच्या म्हणून मी शोधायला लागलो. सव्वापाच इंची ड्राइव्ह आजच्या कॉम्प्युटरला थेट लागत नाही. यूएसबीच्या फ्लॉपी ड्राइव्ह मिळतात त्या साडेतीन इंचीच्या. म्हणून मी अख्खं जुनं मशीनच शोधलं. ते मिरजेच्या एका शाळेने खोली रिकामी करताना दिलं, 486. कार्डाला मात्र चार वर्षं लागली. जुन्या बाजारात एका माणसाकडे बोर्डांची गोणी होती. तो किलोने विकत होता, मी गोणी फरशीवर ओतली. तळाशी एका कार्डावर 'जिस्ट' अशी अक्षरं दिसली. मी काही बोललो नाही. आणखी तीन फालतू कार्डं उचलली आणि चारही एकत्र तोलायला दिली. तुम्हीही असंच करा. हवी ती वस्तू एकटी उचलली की तिचा भाव वाढतो, आणि 'व्हिंटेज' हा शब्द तर तोंडातून काढूच नका.

घरी आणून कार्डाच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासल्या. दुसऱ्या खेपेला चाललं.

चौदातल्या नऊ फ्लॉपी वाचता आल्या. एकीत अण्णांचा कामाचा हिशोब होता: पतसंस्थेची सभासद यादी, सोसायटीच्या नोटिसा, कोर्टाची कागदपत्रं, प्रत्येकासमोर रक्कम आणि त्यापुढे पैसे कुठे गेले ते. सात ओळींसमोर 'होस्टेल' लिहिलंय. होस्टेलला आमच्या घरातून एकच माणूस होता. दादा.

त्यामुळे कुणी 'अडगळ आहे, टाका' म्हणालं की माझं डोकं फिरतं. तुमच्या घरी माळा असेल तर बाजारात जायच्या आधी तिथे चढा. मामाकडे, आत्याकडे, ओळखीच्या छापखान्यात विचारा. मशीन द्यायचंच असेल तर निदान आधी आतल्या डिस्कवर काय आहे ते बघायला लावा.

काय बघायचं ते राहिलंच. मदरबोर्डवर पिंपासारखी छोटी बॅटरी असेल तर ती आधी कापून काढा. ती गळते आणि तांब्याच्या रेषा खाते. हिरवट डाग असेल तर व्हिनेगर लावून, मग पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. आणल्या आणल्या वीज लावू नका, पॉवर सप्लाय वेगळा तपासून घ्या. जुना मॉनिटर स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आत विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो. जुना टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड दिसला तर घ्या, त्यातल्या चेरी कंपनीच्या कळा दणकट आहेत.

आणि एक कबूल करतो: नुसता मजकूर हवा असेल तर जिस्ट कार्ड लागत नाही. फाइल बाहेर काढली की इस्कीचं युनिकोड करता येतं. मला ती अक्षरं त्याच स्क्रीनवर बघायची होती. दादाला सगळंच चुकीचं म्हणत नाही, चिखल उपसताना कुणी माळ्यावरचे डबे तपासत बसत नाही. पण मशीन भिजलं नव्हतं.

फ्लॉपी मिळाल्या तर ड्राइव्हमध्ये घालण्याआधी उजेडात धरा. फ्लॉपीच्या कव्हरमधल्या खाचेतून पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी असू शकते. ती ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला चिकटली की पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. माझ्या न वाचता आलेल्या पाचांतल्या दोन अशाच गेल्या.