कोबाल्टवर सी-६० (साठ कार्बन अणूंचा चेंडूसारखा रेणू) टाकल्यावर कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारं उलटं फील्ड) वाढली, मग स्पिंटरफेस (धातू आणि रेणू यांच्या बॉन्डमुळे चुंबकी गुण बदललेला सीमेवरचा थर) दिसला म्हणायचं का?

आधी एक सांग, सॅम्पल चेंबरबाहेर काढून, ठाण्याहून घणसोलीला नेऊन मग मोजलंस ना? तेही भर जुलैत? मग कोअर्सिव्हिटीचं श्रेय लगेच रेणूला देऊ नकोस.

तुझा मूळ प्रश्न, सी-६० मध्ये चुंबकत्व नाही मग ते धातूचं चुंबकत्व बदलेल कसं. तर रेणू कोबाल्टवर नुसता बसत नाही, बॉन्ड करतो. कोबाल्टचे डी ऑर्बिटल्स आणि कार्बनचे पी ऑर्बिटल्स (म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जागा) मिसळतात, रेणूच्या रेखीव एनर्जी लेव्हल्स पसरट होतात, आणि कोबाल्टमध्ये अप आणि डाउन स्पिनच्या इलेक्ट्रॉनांचा हिशोब मुळातच असमान असल्याने दोन्ही स्पिनसाठी वेगवेगळ्या पसरतात, त्यामुळे पहिला थरच स्पिन फिल्टरसारखा वागायला लागतो. आणि वरच्या कोबाल्ट अणूंचे इलेक्ट्रॉन बॉन्डमध्ये गुंतले की त्यांची अ‍ॅनिसोट्रॉपी (चुंबकत्वाची ठराविक दिशेलाच राहायची ओढ) बदलते, म्हणजे कोअर्सिव्हिटी वाढणं शक्य आहेच, फक्त फिल्म मोजक्या नॅनोमीटरची हवी. जाड फिल्ममध्ये पृष्ठभागाला विचारतो कोण!

तांब्याचं वाचलंस तेही खरं, २०१५ मध्ये लीड्स विद्यापीठाच्या ग्रुपने तांबं आणि मँगनीजच्या पातळ थरांना सी-६० लावून रूम टेंपरेचरला फेरोमॅग्नेटिझम (लोखंडासारखं चुंबकत्व) दाखवला. पण सिग्नल इतका बारीक की स्टीलच्या चिमट्याचा कणसुद्धा तसाच दिसेल, तेव्हा प्लास्टिकचा चिमटा वापर.

आता तुझं सॅम्पल. हवा लागली की कोबाल्टवर ऑक्साइड चढतोच, तो अँटिफेरोमॅग्नेट, म्हणजे साधारण २९० केल्विनखाली त्याचे शेजारचे स्पिन एकमेकांविरुद्ध रांगेत लागतात आणि खालच्या कोबाल्टला जखडून ठेवतो. तू मोजलंस १० केल्विनला, म्हणजे रेणू असो नसो, आकडा वाढणारच. सी-६० चं झाकण भरवशाचं नाही, त्यातून ऑक्सिजन आत जातो.

तर एकाच रनमध्ये, व्हॅक्यूम न तोडता तीन सॅम्पल्स कर. कोबाल्टवर थेट अ‍ॅल्युमिनियम (हवा अडवायला); कोबाल्ट, सी-६०, मग अ‍ॅल्युमिनियम; आणि तिसऱ्यात कोबाल्ट आणि सी-६० च्या मध्ये तांब्याचा थर, वर अ‍ॅल्युमिनियम तेच. बदल फक्त दुसऱ्यात दिसला तर स्पिंटरफेसचं बोल, कारण तिसऱ्यात रेणू आहे पण कोबाल्टला चिकटलेला नाही. तिन्हींत दिसला तर ऑक्साइड किंवा सबस्ट्रेटकडे (फिल्मखालच्या आधाराकडे) बघ.

गाइडना सध्या 'स्पिंटरफेस मिळाला' म्हणू नकोस, ते पहिला प्रश्न ऑक्साइडचाच विचारतील. सॅम्पलशिवाय रिकाम्या होल्डरचा लूप (फील्ड बदलत मोजलेल्या चुंबकत्वाचा आलेख) घेतलायस का? असेल तर तोही इथे टाक.