चार वर्तुळांचे आठ हजार?

प्रश्न : ताई, माझी चौदा वर्षांची मुलगी पुण्यात ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नेमक्या करून घेण्याचा खेळ) शिकते. दोन दिवसांच्या टेस्ट रायडिंग क्लिनिकचे, म्हणजे स्पर्धेतला हालचालींचा ठरलेला क्रम (टेस्ट) परीक्षकांसमोर करून बघायच्या शिबिराचे, आठ हजार मागताहेत. घोड्याचं भाडं वेगळं. पाठवावं का?

उत्तर : आधी एक फोन करा आणि विचारा, टेस्ट एकदाच चालवून घेणार की गुण सांगून, चुका दुरुस्त करून पुन्हा चालवणार? पुन्हा नसेल तर पैसे घरात राहू द्या. मी एकदा असेच भरले होते. सात मिनिटं घोड्यावर, उरलेला दिवस खुर्चीत. वर वडापावचे पैसेही माझेच!

दुसऱ्या खेपेला मात्र परीक्षक नीट भेटल्या. मला वाटायचं, ट्रॉटमधलं (दुडक्या चालीतलं) माझं २० मीटरचं वर्तुळ झकास आहे. त्या म्हणाल्या, "हे अंडं आहे." २० बाय ४० मीटरच्या मैदानात ए-कडून (आखूड बाजूच्या मध्यावरच्या खुणेपासून) सुरू केलेलं वर्तुळ बरोबर एक्सवरून (मैदानाच्या मध्यबिंदूवरून) जातं आणि कोपऱ्यात शिरत नाही. मी दोन्ही कोपऱ्यांत शिरत होते. परत काढलं, पाच गुणांचे साडेसहा झाले. घोडा तोच, मीही तीच.

पण हे अंडं फुकटातही दिसतं. सी-पाशी (ए-च्या बरोबर समोरच्या आखूड बाजूच्या मध्याशी) उभ्या राहून मोबाइलवर टेस्ट चित्रित करा, सलामीचा थांबा सरळ येतो का बघा. लेकीला टेस्ट अजून पाठ नसेल, तर तेच पैसे नेहमीच्या सरांच्या चार जादा तासांना द्या. पाठ असेल, महिन्याभरात स्पर्धा असेल आणि गुणपत्रक शेऱ्यांसकट हातात मिळणार असेल, तर खुशाल पाठवा. घोडा शक्यतो रोजचाच मागा.