स्वेटर धुतला की आटतो, पेटीत ठेवली की शालीला भोकं पडतात. नागपुरात लोकरीचे कपडे घरी कसे सांभाळायचे?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. आईने विणलेला लोकरीचा स्वेटर मशीनमध्ये धुतल्यावर लहान आणि पुठ्ठ्यासारखा जाड का झाला, आणि पेटीत घडी करून ठेवलेल्या शालीला भोकं कशी पडली. लोकर म्हणजे मेंढीचे केस, हे लक्षात ठेवलं की दोन्हींचं कारण कळतं.

प्रत्येक केसावर अतिशय बारीक खवले असतात, सगळ्यांचं तोंड टोकाकडे. गरम पाण्यात आणि सोडा असलेल्या साबणात केस फुगतो, खवले उचलले जातात. अशा वेळी कपडा चोळला किंवा मशीनमध्ये घुसळला की एक केस दुसऱ्यात शिरतो आणि खवल्यांमुळे मागे येऊ शकत नाही. असं हजारो ठिकाणी झालं की विणीचा नमदा, म्हणजे केस एकमेकांत गुंतून झालेला घट्ट जाड थर, होतो. तुमच्या स्वेटरचं हेच झालं आहे. पूर्ण नमदा झालेला कपडा परत मोकळा होत नाही. थोडाच आटला असेल आणि विणीचे टाके अजून वेगवेगळे दिसत असतील, तर कोमट पाण्याच्या बादलीत दोन मोठे चमचे केसांचं कंडिशनर घालून अर्धा तास भिजवा आणि ओला असतानाच सपाट जागी हलक्या हाताने थोडा थोडा ओढून मापात आणा. एखादा बोटभर फरक पडतो, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

पुढचे कपडे धुण्याआधी ते खरंच लोकरीचे आहेत का ते बघा. हिवाळ्यात बाजारात मिळणारे बरेच स्वेटर ॲक्रिलिकचे असतात. आतल्या शिवणीतून चार-पाच सेंटिमीटर धागा काढा, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. लोकर नाखुशीने जळते, ज्योत काढली की विझते, केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरा होते. ॲक्रिलिक वितळतं, ठिबकतं आणि काळा टणक मणी मागे राहतो. ॲक्रिलिकचा नमदा होत नाही, पण गरम पाणी किंवा गरम इस्त्री लागली की ते ढिलं पडून लोंबतं आणि पुन्हा सावरत नाही. म्हणजे गरमपणा दोघांनाही वाईट, पण खाली लिहिलेला बाकी सगळा सोपस्कार खऱ्या लोकरीसाठी.

साबणाबद्दल मी आग्रही आहे. रोजची कपड्यांची पावडर लोकरीला लावू नका. तिच्यात सोडा असतो, आणि बऱ्याच पावडरींमध्ये घाम, रक्त, अंडं असे प्रथिनांचे डाग पचवणारे एन्झाइमही असतात. लोकरही प्रथिनच आहे, त्यामुळे ते तिलाही खातात. ब्लीच तर अजिबात नको, त्याने लोकर पिवळी पडते आणि शेवटी विरघळते. इझीसारखं लोकरीसाठीचं लिक्विड घ्या आणि बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला. रिठेही उत्तम: दहा-बारा रिठे बिया काढून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा, फडक्यातून गाळा. यातलं निम्मं पाणी एका स्वेटरला पुरतं. पांढऱ्या लोकरीवर मात्र रिठ्याची किंचित तपकिरी झाक येते.

आता पाणी, आणि इथे नागपूरचा हिशेब वेगळा आहे. मदत व्हायच्या ऐवजी गच्चीवरची टाकीच घात करते. एप्रिल-मेमध्ये दुपारी नळाला येणारं पाणी हाताला चटका देतं. त्यात लोकर बुडवू नका, पहाटे भरलेलं पाणी वापरा. जानेवारीत उलट असतं: सकाळचं पाणी गारठलेलं, म्हणून लोक गिझरचं पाणी ओततात आणि खळबळायला पुन्हा गार घेतात. धुणं आणि खळबळणं दोन्हींचं पाणी सारखंच कोमट ठेवा, साधारण ३० अंश. मनगटाच्या आतल्या बाजूला ना गरम ना गार लागलं की झालं. बोअरचं पाणी जड असतं, त्यात साबण नीट निघत नाही आणि लोकर खरखरीत होते. शक्य असेल तर नळाचं पाणी घ्या.

धुण्याआधी स्वेटर वर्तमानपत्रावर पसरून पेनाने त्याची कड आखून ठेवा, वाळवताना कामी येते. रंगाची खात्री नसेल तर आतल्या बाजूला ओल्या पांढऱ्या कापडाने दाबून बघा. कापडावर रंग उतरला तर तो कपडा एकटाच धुवा. मग स्वेटर उलटा करा, बटणं लावा, आणि टबमध्ये आठ-दहा लिटर पाण्यात आधी लिक्विड नीट मिसळून मग बुडवा. तळव्याने दाबा, सोडा, दाबा, सोडा. दोन-तीन मिनिटं पुरे. पिळू नका, ब्रश लावू नका, मुठीत धरून घासू नका. कॉलर-मनगटाचा मळ असेल तर तेवढ्याच जागी लिक्विडचा थेंब बोटाने टेकवा. दहा मिनिटांहून जास्त भिजत ठेवू नका.

बाहेर काढताना खांद्याला धरून उचलायची चूक फार होते. लोकर भरपूर पाणी शोषते, आणि ते वजन एकाच जागी आलं की खांदे लोंबतात, बाह्या गुडघ्यापर्यंत जातात. टबमधलं पाणी आधी ओतून द्या, कपडा टबच्या भिंतीला दाबा, आणि दोन्ही हात खाली घालून कणकेच्या गोळ्यासारखा उचला. दोन-तीन पाण्यांत असंच दाबून खळबळा. शेवटच्या पाण्यात पाच लिटरला एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घातलं तर उरलेला सोडा मारला जातो आणि लोकर मऊ राहते. वास वाळल्यावर जातो.

पाणी काढायला जाड टॉवेल पसरा, त्यावर स्वेटर, आणि चटईसारखी गुंडाळी करून तळहाताने किंवा पायाने दाबा. मशीनच्या ड्रायरमध्ये फिरवायचं असेल तर कपडा उशीच्या अभ्र्यात घालून वीस-तीस सेकंद फक्त. त्यात कपडा भिंतीला चिकटून राहतो, घासला जात नाही, म्हणून चालतं. धुण्याच्या चक्रात मात्र कपडा घुसळला जातो. लेबलवर मशीनला परवानगी लिहिली असेल, तरच फ्रंट लोडच्या लोकरीच्या प्रोग्रॅमवर लावा.

वाळवायला दोरी नको. बाज असेल तर तिच्यावर सुती चादर टाकून स्वेटर आखलेल्या मापात पसरा, खालूनही हवा लागते. सावलीत, पंख्याखाली. अर्धा वाळला की उलटा. कडक उन्हात पांढरी लोकर पिवळी पडते आणि रंगीत उडते. इस्त्री करायची तर वर ओलं सुती फडकं टाकून इस्त्री उचलून ठेवत जा, सरकवू नका, नाहीतर चकाकी येते. काखेत आणि कडांना येणारे बारीक गोळे हाताने ओढू नका, सोबत धागा येतो. गोळे कापायचं मशीन हळू फिरवा.

कोट, ब्लेझर, अस्तर असलेलं काहीही घरी धुवू नका. अस्तर आणि आतलं कॅनव्हास वेगवेगळं आटतं आणि समोरची बाजू फुगते. ते ड्रायक्लीनिंगलाच द्यावं. घोंगडीही वेगळी. ती विणताना ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात, धुतली की ती उतरते आणि घोंगडी लुळी होते. ती झटका, हवेशीर सावलीत टाका, डाग ओल्या फडक्याने टिपा.

आता शाल. भोकं पाडणारी कसर म्हणजे बारीक सोनेरी पतंगाची अळी. पतंग स्वतः काही खात नाही, दिव्याकडेही येत नाही, अंधारात बसून अंडी घालतो. काही घरांत काम केसाळ तपकिरी अळीचं असतं, ती मोठी झाली की छोटा किडा होते. दोघांनाही घाम आणि अन्नाचे डाग असलेली लोकर आवडते. नागपुरात थंडी जेमतेम अडीच महिने, मग कपडा नऊ-दहा महिने बंद. थोडाच वापरलाय म्हणून न धुता ठेवलेला कपडा म्हणूनच खाल्ला जातो. संक्रांतीनंतर, होळीच्या आधी सगळं धुवून पूर्ण कोरडं करून ठेवा. आणखी एक इथलीच गोष्ट: कूलर चालतो त्या खोलीतली आलमारी उन्हाळाभर दमट राहते. लोकर दुसऱ्या खोलीत ठेवा. झिपच्या जाड पिशवीत घट्ट बंद केलेला कपडा सर्वांत सुरक्षित. मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा बाहेर काढून झटका, शिवणी ब्रशने झाडा. कडुनिंबाचा पाला आणि लवंगा चालतात, पण लागलेली कसर त्यांनी मरत नाही.

डांबर गोळ्या घट्ट बंद पेटीतच काम करतात, कारण वाफ साचावी लागते. त्या बाळाच्या कपड्यांत कधीच ठेवू नका. या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे, विशेषतः जी६पीडी या लाल पेशी जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या, रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात.

तुमची शाल आधी गच्चीवर झटका, मग प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि फ्रिझरमध्ये उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीइतकी गरम होऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. मग वर सांगितल्याप्रमाणे धुवा. ती असलेल्या पेटीतलं सगळं काढा, कोपऱ्यांतला भुसा व्हॅक्यूमने किंवा ब्रशने साफ करा, आणि शेजारच्या लोकरी कपड्यांनाही फ्रिझरची फेरी द्या. रफू सर्वांत शेवटी करा. अळ्या जिवंत असताना केलेलं रफूसुद्धा त्या खातात.