एकदाच खेळायचे गेम आणि तुझा पैसे वाया गेल्याचा प्रश्न

अगं,

तुझा रात्री उशिराचा मेसेज सकाळी वाचला आणि उत्तर टाइप करायला घेतलं, पण ते काही व्हॉट्सॲपवर मावेना म्हणून सरळ पत्रच लिहितेय. निवांत वाच, क्लासला जाताना सिटीलिंकच्या बसमध्ये उभ्याउभ्या नको.

तू म्हणतेस, आउटर वाइल्ड्स, तो यानातून ग्रहाग्रहांवर फिरून काय घडलंय ते शोधायचा गेम, संपवला, दोन-तीन दिवस डोक्यातून जात नव्हता, मग राहवेना म्हणून पहिल्यापासून परत सुरू केला आणि अर्ध्या तासात बंद करून टाकला. काहीच वाटेना. पहिल्या वेळी जिथं जायला घाबरत होतीस तिथं आता सरळ यान उतरवलंस, बघितलंस, निघालीस. आणि मग विचारतेस की ताई, एवढे पैसे घालून एकदाच खेळायचा म्हणजे पैसे वाया गेले ना?

नाही गेले. आणि तुझ्यातही काही बिघडलेलं नाहीये, हे आधीच सांगते, कारण शेवटी 'माझा कशातच इंटरेस्ट टिकत नाही' असं जे लिहिलंयस ते मला अजिबात पटलेलं नाही.

त्या गेममध्ये तुला काय काय मिळत गेलं ते जरा आठव. नवी बंदूक? नाही. जास्त ताकद, मोठं यान, लेव्हल? काहीच नाही. बावीस मिनिटं होतात, सगळं पुसलं जातं, तू परत त्याच शेकोटीपाशी जागी होतेस, तेच यान, तोच सूट, तेच सगळं. फक्त यानातल्या नोंदी राहतात आणि तुझ्या डोक्यात जे आहे ते राहतं. म्हणजे ज्याला सगळं माहितीये तो माणूस एकाच फेरीत शेवटापर्यंत जाऊ शकतो, त्याला अडवायला एकही कुलूप नाही, आणि तरीही आपल्याला कितीतरी तास लागतात कारण काय करायचं तेच आपल्याला माहीत नसतं. अॅलेक्स बीचम नावाच्या मुलाने हे कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून सुरू केलं होतं, अमेरिकेत, युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात, आणि पूर्ण गेम बाहेर आला २०१९ ला. वर्षानुवर्षं या लोकांनी एकच गोष्ट जपली, की खेळणाऱ्याला पुढे नेणारी वस्तू गेममध्ये ठेवायची नाही, ती त्याच्या डोक्यात तयार व्हायला पाहिजे.

मग तू जेव्हा न्यू गेम दाबलंस तेव्हा मशीनने तिच्याकडचं सगळं पुसलं, पण तुझ्याकडचं कोण पुसणार? तू तर सगळं घेऊनच परत गेलीस. म्हणून ते ग्रह कोरडे वाटले. ग्रह तेच आहेत गं, फक्त तुला आता तिथं काही विचारायचं उरलेलं नाही.

हे सगळ्याच गेमचं नसतं हां. आमच्या कॉलेजच्या दिवसात अशोक स्तंभापाशी एक सायबर कॅफे होता, तिथं आम्ही प्रोजेक्ट आयजीआय खेळायचो, २००० सालचा गेम, आणि त्यात मिशनच्या मध्ये सेव्हच करता यायचं नाही. मेलं की पूर्ण मिशन पहिल्यापासून. कुठला गार्ड कधी वळतो, कुठल्या टॉवरवर स्नायपर आहे, कॅमेरा कुठं बंद करायचा, सगळं पाठ, आणि पाठ झाल्यावर तर जास्तच मजा यायची कारण हात सफाईने चालायचे. टेट्रिस १९८४ चा आहे, अजून लोक खेळतात, त्यात कळण्यासारखं काही लपवलेलंच नाही, पहिल्या पाच मिनिटांत सगळं समजतं आणि मग आयुष्यभर फक्त हात आणि नजर तयार होत राहते. तुझा भाऊ मोबाइलवर बीजीएमआय, तो टीम करून लढायचा गेम, खेळतो तेही त्यातलंच, वर त्याला रोजच्या मिशनचं आणि सीझनचं आमिष लावलेलं, आणि तो गेम संपू नये अशाच पद्धतीने बनवलाय, त्याला शेवट असला तर त्यांचा धंदाच बसेल. ते वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, मित्रांबरोबर रात्री स्क्वॉड लावून खेळण्यात मजा आहेच. पण त्या गेमचं माप तू या गेमला लावलंस ना, तिथं गडबड झाली.

हे तासांचं माप आपल्याकडं आलं कुठून तेही सांगते, मला वाटतं आमच्या पिढीकडूनच आलं. सायबरमध्ये तासावर पैसे द्यायचो, मग तासात जास्तीत जास्त खेळून घ्यायचं, उठायच्या आधी शेवटची दोन मिनिटंसुद्धा सोडायची नाहीत. आता स्टीमवर, म्हणजे आपण गेम विकत घेतो त्या ऑनलाइन दुकानात, तर प्रत्येक रिव्ह्यूच्या शेजारीच तो माणूस किती तास खेळला ते छापलेलं असतं, त्यामुळं आपण लगेच भागाकार करतो, इतके रुपये भागिले इतके तास. व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच, २०१७ चा, दोन-तीन तासात संपतो. एक जुनं घर, एकेक खोली, प्रत्येक खोलीत घरातल्या एकेका माणसाची गोष्ट, आणि प्रत्येक गोष्ट खेळायची पद्धत वेगळी. त्यातल्या एका भागात एक हात काम करत राहतो आणि दुसरा हात स्वप्नात चालत राहतो, यापुढं सांगत नाही, पण तो भाग खेळून मी उठले आणि बराच वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. त्याला तासाचा रेट लावायचा म्हणजे काय लावायचा? स्टीम दोन तासांच्या आत खेळणं असेल आणि घेऊन चौदा दिवस झाले नसतील तर पैसे परत देतं, म्हणजे एखाद्याने छोटासा सुंदर गेम पूर्ण खेळून पैसे परतही घेतले तरी नियमात बसतं. मला ते बरोबर वाटत नाही. ज्या लोकांनी तुझा वेळ ओढून न धरता सांगायचं तेवढंच सांगितलं आणि थांबले, त्यांनाच त्याचा फटका बसावा हे वाईट आहे.

आता दुसरा प्रकार, जिथं कोडं नसतं पण निर्णय घ्यावा लागतो. टेलटेल कंपनीचा द वॉकिंग डेड, २०१२ चा. दोन माणसं संकटात, वेळ सेकंदांचा, एकालाच वाचवता येतं, आणि तू जे दाबशील ते दाबशील. एपिसोड संपला की किती टक्के लोकांनी काय निवडलं ते दाखवतात. पहिल्या वेळी तुझा हात खरंच थरथरतो. दुसऱ्यांदा मुद्दाम उलटं निवडून बघितलंस की हळूहळू कळायला लागतं की बरेचसे रस्ते फिरून तिथंच येतात, आणि मग पहिल्या वेळचा तो थरथरणारा हातसुद्धा खोटा वाटायला लागतो. तो खोटा नव्हता. तुला माहीत नव्हतं तेव्हा तू काय केलंस, हे त्या गेमला तुझ्याकडून काढून घ्यायचं होतं आणि ते त्याने घेतलं. तिथंच थांबावं. सगळे शेवट बघायची जी खाज असते ना, सगळ्या अचीव्हमेंट, शंभर टक्के, ती अशा गेममध्ये आवरायची. अंडरटेल म्हणून टोबी फॉक्सचा २०१५ चा गेम आहे, तो तर तू आधी काय केलंयस ते नवीन सुरू केल्यावरही लक्षात ठेवतो. त्याच्याबद्दल एवढंच, तो खेळशील तेव्हा आपण बोलू.

आणि आता खरं रागवायचंय ते रागावते. तू लिहिलंयस की मध्ये एका ठिकाणी अडकलीस तेव्हा यूट्यूबवर 'थोडंसंच' बघितलं. अगं लहानपणी आम्ही लायब्ररीतून रहस्यकथा आणायचो आणि एखाद्या पुस्तकात पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असायचं, पुस्तक पूर्ण हातात असूनही हातातून गेलेलं असायचं. तू तुझ्याच पुस्तकावर तसं लिहिलंस. परत खेळता येणारा गेम असता तर काही बिघडत नव्हतं, पुढच्या वेळी भरून निघालं असतं. पण याला पुढची वेळच नाही. आणि यूट्यूबचं असं आहे की एकदा सर्च केलं की दुसऱ्या दिवसापासून होमपेजवरच थंबनेल यायला लागतात, शेवटच्या सीनचा फोटो आणि वर मोठ्या अक्षरात प्रश्नचिन्ह. म्हणून सर्चच करायचं नाही. अडकलीस तर उठ, दुसऱ्या ग्रहावर जा, झोप, गंगापूर रोडला चक्कर मारून ये. अगदीच रडकुंडीला आलीस तर मला विचार, मी उत्तर सांगणार नाही, तू काय बघितलंयस ते तुलाच बोलायला लावीन, आणि निम्म्या वेळा बोलता बोलताच तुझं तुला सापडेल.

पुढचा गेम मी ठरवून ठेवलाय. रिटर्न ऑफ द ओब्रा डिन, २०१८ चा, लुकास पोप नावाच्या माणसाने जवळजवळ एकट्याने बनवलेला. पहिल्या दहा मिनिटांत कळतं तेवढंच सांगते. १८०२ मध्ये एक जहाज लंडनहून निघतं, गायब होतं, आणि १८०७ मध्ये इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात परत येतं, वर जिवंत माणूस एकही नाही. तू ईस्ट इंडिया कंपनीची विमा इन्स्पेक्टर. तुझ्याकडं एक घड्याळ, प्रेतापाशी ते उघडलं की तो माणूस मेला तो क्षण तुला दिसतो, गोठलेला, त्यात फिरता येतं. आणि एक वही, त्यात साठ माणसांची नावं, कोण कोणता आणि कुणाचं काय झालं ते भरायचं. चित्रं सगळी दोनच रंगात, ठिपक्याठिपक्यांची, जुन्या मॅक कॉम्प्युटरसारखी. आणि यातली हुशारी बघ, तू एक उत्तर बरोबर लिहिलंस तर गेम काहीच बोलत नाही, तीन बरोबर झाली की मगच तिन्ही पक्की करतो. म्हणजे अंदाजपंचे ठोकत बसलं तर हाल होतात, नीट बघावंच लागतं, कुणाचे कपडे कसे, कोण कुठली भाषा बोलतोय, कोण कुणाजवळ उभा आहे. साठावं नाव पक्कं झालं की वही भरली. मग तो गेम परत उघडला तरी तू ते चेहरे नावानिशी ओळखतेस, विसरायचं म्हटलं तरी होत नाही.

लोक म्हणतात ना की मेमरी पुसून परत पहिल्यांदा खेळता यायला पाहिजे होतं. मला ती इच्छा कळते पण मी करत नाही. पुसायचं म्हणजे शेकोटीपाशी बसून तू जे सगळं एकत्र जोडलंस तेही जाणार, आणि त्या कमाईसाठीच तर खेळलीस. परत जावंसं वाटणं मात्र अगदी खरं आहे, त्याला रस्ते आहेत. आउटर वाइल्ड्सची २०२१ मध्ये आलेली पुरवणी, एकोज ऑफ द आय, घे, त्याच सूर्यमालेत, पण तुला अजिबात माहीत नसलेली जागा, जरा भीतिदायक आहे, रात्री एकटीने खेळू नकोस. आउटर वाइल्ड्सचं अँड्र्यू प्रालोने केलेलं संगीत ऐक, तो बॅन्जो, ते चालेल, संगीत कितीही वेळा ऐकलं तरी झिजत नाही. जर्नी हा २०१२ चा गेम मी या सगळ्यातून बाजूला काढते, जेमतेम दोन तासांचा आहे पण वाटेत कुणीतरी अनोळखी खेळाडू भेटतो, बोलता येत नाही, लिहिता येत नाही, नावही शेवटीच कळतं, आणि प्रत्येक वेळी माणूस वेगळा म्हणून तो दुसऱ्यांदाही नवा असतो. आणि तुला गेम बनवायला शिकायचंय म्हणतेस तर पोर्टल, २००७ चा, आधी साधा खेळ, मग कॉमेंटरी चालू करून परत खेळ, बनवणाऱ्यांनी जागोजागी आपला आवाज ठेवलाय, ही भिंत इथं का, हा दिवा इथं का, कुठं खेळणारे अडकत होते. ती दुसरी खेळी मजेसाठी नाही, अभ्यासासाठी, वही घेऊन. आउटर वाइल्ड्ससुद्धा दोनेक वर्षांनी तसा उघड. आत्ता नको, आत्ता जखम ताजी आहे.

पण सगळ्यात चांगला रस्ता दुसराच आहे. दिवाळीत सिन्नरची मामेबहीण येईल ना, तिला बसव. नवीन प्रोफाइल करून दे, तुझ्या नोंदी तिला दिसायला नकोत. आणि मागे बसून गप्प राहा. ती ज्या दारापाशी तीनदा जाऊन परत येईल तिथं तुला ओरडावंसं वाटेल, ओरडायचं नाही. 'अगं तिकडं नको' हेसुद्धा उत्तरच असतं, आणि 'हम्म्' असा आवाज काढलास तरी तिला कळतं. जगभरचे लोक हा गेम संपवल्यावर अनोळखी माणसांच्या पहिल्या खेळीचे व्हिडिओ तासन् तास बघत बसतात ते याचसाठी, आपल्याला जे आता होणार नाही ते दुसऱ्याच्या चेहऱ्यावर होताना दिसतं. तिला वेगळ्याच क्रमाने सापडेल, तुझ्या लक्षातच न आलेलं तिला दिसेल, आणि तेव्हा तुला तो गेम खरोखर परत भेटेल.

ओब्रा डिन माझ्याकडं आहे. येत्या रविवारी ये, सकाळी नको, आमच्याकडं रविवारी मिसळीचा गोंधळ असतो, दोननंतर ये. वही आण, आखलेली नको, कोरी, जहाजाचे नकाशे काढावे लागतात. हेडफोन माझे आहेत. फोन बाहेरच्या खोलीत ठेवायचा, आणि आईला सांगून ये की उशीर होईल.

तुझी,
ताई