‘कुत्र्यांना भीतीचा वास येतो म्हणे, मग मी काय करू?’

त्या माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिल्यांदा आल्या तेव्हा बाहेर रणरणतं ऊन होतं आणि हातात लांब दांड्याची मिटलेली छत्री. खुर्चीत बसल्यावर त्यांनी ती कोपऱ्यात ठेवली नाही, मांडीवर आडवी घेतली. माझी नजर तिकडे गेलेली पाहून म्हणाल्या, “ही उन्हासाठी नाही.”

ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नाव सांगत नाही, ‘ताई’च म्हणते; समोरही तेच म्हणत असे.

ताईंना सकाळी लवकर कामावर जावं लागायचं. घरापासून आठ-दहा मिनिटांची वाट. एका पहाटे वळणावर दोन कुत्री भुंकत आली, ताई पळाल्या, आणि त्यातल्या एकाने पोटरी धरली. जखम भरली. पण ताई वीस मिनिटांच्या लांबच्या रस्त्याने जाऊ लागल्या, मग त्या रस्त्यावरही कुत्रं दिसलं म्हणून नवऱ्याने सोडायला यायचं ठरलं, आणि त्याला जमत नसेल त्या दिवशी सुट्टी. लांब कुठे भुंकणं ऐकू आलं तरी हाताला घाम सुटायचा. घरचे सांगत, “तू घाबरतेस म्हणून ती अंगावर येतात. घाबरणं सोड.” हे वाक्य त्यांच्या डोक्यात इतकं बसलं होतं की त्यांनी मला पहिला प्रश्न हाच विचारला, “कुत्र्यांना भीतीचा वास येतो म्हणे. मी तर घाबरलेलीच असते. म्हणजे मला चावणारच ना?”

उत्तर देण्याआधी मी विचारलं, “इंजेक्शनं पूर्ण झाली?”

नव्हती झाली. दोन घेतली होती. “कुत्रं तिथेच फिरतंय, ठणठणीत आहे, असं कोणीतरी सांगितलं,” म्हणून पुढची सोडली. चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेखाली राहून निरोगी असेल तर डॉक्टर लसीकरण थांबवू शकतात, हे खरं. पण ‘कोणीतरी सांगितलं’ म्हणजे नजरेखाली नव्हे. शिवाय ते तेच कुत्रं होतं की दुसरं, हेही ताईंना माहीत नव्हतं, कारण त्या तिकडे पुन्हा फिरकल्याच नव्हत्या. जखमही नुसती कापडाने बांधली होती. चावल्यावर लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून पंधरा. आणि रेबीज झाला की पाणी गिळता येत नाही, म्हणून रात्री दोन वाजता उठून त्या पाणी पिऊन बघत, घशाखाली उतरतंय ना ते.

अशा वेळी ‘काही होणार नाही हो’ म्हणणारा समुपदेशक धोकादायक. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं. त्याआधी वेळेवर घेतलेली लस वाचवते. ही भीती खरी होती आणि तिचं औषध माझ्याकडे नव्हतं. मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. उशीर झाला तरी विचारून घ्यायचं, आपणच हिशेब लावायचा नाही. डॉक्टरांनी लस पूर्ण करून घेतली आणि रात्रीचं पाणी पिऊन बघणं बंद झालं. माझं काम त्यानंतर सुरू झालं.

आता वासाचं. भीतीच्या घामाचा वास कुत्र्याला वेगळा जाणवतो, हे मी नाकारलं नाही. नाकारलं असतं तर ताईंनी मला तिथेच सोडलं असतं. पण वास आला म्हणून कुत्रं चावतं असं नाही. कुत्र्याला चेतवते ती आपली हालचाल. पळणारी वस्तू दिसली की पाठलाग करायचा, हे त्याच्या अंगातच आहे आणि धावण्यात आपण त्याला कधीच हरवू शकत नाही. किंचाळणं, हात उडवणं, डोळ्यांत डोळे घालून बघणं यानेही तेच होतं. “ताई, घाम आपल्या हातात नाही,” मी म्हणाले, “पाय आहेत. आपण फक्त पायांवर काम करू. भीती राहू दे.”

भीती घालवायला आलेल्या माणसाला ‘राहू दे’ म्हटलं की तो क्षणभर आपल्याकडे बघत राहतो. ताईही बघत राहिल्या.

मग आम्ही खोलीतच सराव केला. मी दारातून भुंकत यायची (शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्यांनी याचं भांडवल बरेच दिवस केलं) आणि ताईंनी थांबायचं. पाय जमिनीला चिकटलेले, अंग किंचित तिरकं, हात छातीशी दुमडून मुठी आत, नजर कुत्र्याच्या डोळ्यांकडे नाही, जरा बाजूला. आवाज काढायचाच तर खालच्या पट्टीत, ठाम: ‘जा!’ कुत्रं सैल पडलं की पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे. छत्री उगारायची नाही. आपल्या आणि त्याच्या मध्ये धरायची. अंगावर आलंच तर त्याच्या तोंडात पाय जाण्याऐवजी छत्री जाऊ दे, पिशवी जाऊ दे. आणि पडलोच तर गुडघे पोटाशी, तोंड खाली, मानेमागे हात, कोपरांनी कान झाकलेले. हे शेवटचं ताईंनी चटईवर करून दाखवलं आणि मग खूप वेळ हसल्या, जरा रडल्याही.

दुसरा भाग कुत्रं वाचायचा. आवाज बंद करून आम्ही कुत्र्यांचे व्हिडिओ पाहिले. शेपूट हलतेय म्हणजे खूश, हा ताईंचा समज पहिल्याच दिवशी गेला. कंबरेसकट सगळं अंग सैल हलतं ते वेगळं. आणि शेपूट वर ताठ, फक्त टोक थरथरतंय, अंग लाकडासारखं, नजर खिळलेली, ते वेगळं. नुसतं भुंकणारं कुत्रं बऱ्याचदा ‘लांब राहा’ एवढंच सांगत असतं. मला जास्त काळजी वाटते ती गप्प होऊन ताठरणाऱ्याची.

इथवर ठीक चाललं होतं. मग मी चूक केली.

भीतीच्या वस्तूच्या थोडं थोडं जवळ जायचं, ही आमच्या कामातली जुनी रीत. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाबाबत तिची नोंद करून ठेवली आहे: मूल खात असताना ससा रोज जरा जवळ आणायचा. त्याच धर्तीवर मी ताईंना सांगितलं, त्या वळणापर्यंत जा, दहा पावलं पुढे टाका, परत या. चौथ्या भेटीला त्या संतापून आल्या. वळणावरच्या कुत्रीला पिल्लं झाली होती आणि ती सरळ अंगावर धावून आली होती. ताई थिजून उभ्या राहिल्या म्हणून निभावलं. “तुमच्या सशाला पिल्लं नव्हती वाटतं,” त्या म्हणाल्या.

मला उत्तर नव्हतं. पिल्लांजवळची आई, खाण्यावर बसलेलं कुत्रं, टोळी जमलेली असेल ती वेळ, यांना टाळणं म्हणजे आजार नव्हे, अक्कल आहे. पुस्तकातला ‘टाळाटाळ सोडा’ हा सल्ला देताना मी रस्त्यावर काय आहे ते विचारलंच नव्हतं. आता विचारते. पिल्लं आहेत का, कचरा किंवा खाणं कुठे पडतं, त्यातलं एखादं कोणाच्या घरचं मोकळं सोडलेलं आहे का. ताईंच्या बाबतीत चावलेलं कुत्रं पाळीवच निघालं. मग मालकाशी बोलणं, न ऐकल्यास तारीख-वेळ लिहून स्थानिक प्रशासनाकडे लेखी तक्रार, हाही उपचाराचाच भाग झाला. सगळं ओझं चावल्या गेलेल्या माणसाच्या मनावर का टाकायचं?

पिल्लं मोठी होईपर्यंत त्यांनी लांबचाच रस्ता धरला, यावेळी ठरवून. त्यानंतर पुन्हा वळणापर्यंत, पुढे दहा पावलं, पुढे अर्धी वाट.

साधारण तीन महिन्यांनी त्यांनी सांगितलं, एक तपकिरी कुत्रा भुंकत आला. त्या थांबल्या. त्याने त्यांची चप्पल हुंगली, छत्रीचं टोक हुंगलं आणि निघून गेला. शून्य ते शंभरमध्ये भीती किती होती, मी नेहमीप्रमाणे विचारलं.

“नव्वद,” ताई म्हणाल्या. “पाय लटपटत होते. पण जागेवरच लटपटत होते.”

छत्री सोडवायचा प्रयत्न मी केला नाही. आमच्यातले काही जण म्हणतील, तो आधारही काढून घ्यायला हवा होता. त्या अजून ती घेऊनच फिरतात. परवा भेटल्या तेव्हा पाऊस पडत होता आणि छत्री उघडलेली होती.